सहा नव्यांमागे एक



मागच्या आठवड्यात पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि सोयाबीनची राहिलेली कोळपणी उरकून घेतली. हातातली कामे सरली की घरातली भांडणे वर येतात, असा आमच्याकडचा रिवाज आहे. त्याप्रमाणे रविवारी रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर एक भांडण निघाले आणि ते मिटवायला मला हाक आली. थोरला म्हणून विचारतात एवढेच, बाकी माझे कोणी ऐकते अशातला भाग नाही.

भांडण असे होते. धाकट्या भावाची मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातली दोन झाली, आता तिसऱ्यात गेली. सुटीला आली ती एक छापील कागद घेऊन. यंदा नव्याने येणाऱ्या मुलींना सांभाळून घेण्यासाठी वरच्या वर्गातल्या काही मुली नेमायच्या आहेत, ज्यांची तयारी असेल त्यांनी आपणहून नावे द्यावीत, असे त्यात लिहिलेले. पोरीने नाव देऊन टाकले होते. घरी सांगायचे तेवढे राहिले होते.

भाऊ तापला. "दादा, हिला शिकायला धाडलीय का पुढारपण करायला? आज नव्या पोरींची पुढारी, उद्या मोर्चाच्या पुढं. आपल्याला हे न्हाई परवडायचं."

भावजय आतून म्हणाली, "आन् स्वतःचा अभ्यास कवा करायचा तिनं?"

पोरगी काही बोलली नाही. कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "तात्या, तुम्हीच वाचा."

भावाला पुढारी या शब्दाचाच राग आहे आणि त्यालाही कारण आहे. तो तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षे होता तेव्हा विद्यार्थ्यांच्या निवडणुका रंगात होत्या. जी. एस. कोण होणार यावरून एस. टी. स्टँडवर डोकी फुटायची. जीपगाड्या फिरायच्या, गुलाल उडायचा, आणि जिंकलेला उमेदवार वर्षभर वर्गात दिसायचा नाही. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुका गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आली. पण भावाच्या डोक्यातला गुलाल काही उतरलेला नाही. त्याला विद्यार्थ्यांचा पुढारी म्हटले की जीपच दिसते.

मी कागद वाचला. त्यात मोर्चा नव्हता की भाषण नव्हते. एका मुलीकडे सहा नव्या मुली द्यायच्या. त्यांना पहिले काही महिने वाट दाखवायची, अडचण आली तर ऐकायची, आपल्याच्याने न सुटणारी असेल तर बाईंच्या कानावर घालायची. एवढेच. हा सहाचा आकडा कोण्या प्राध्यापकाने मनाने काढलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंग बंद करण्यासाठी जे नियम केले, त्यातच तो आहे. दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे वरच्या वर्गातला एक, आणि अशा सहाजणांमागे आणखी वरच्या वर्गातला एक. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांवर मुकादम असतो, तशीच काहीशी ही उतरंड. फक्त इथे उचल नाही आणि शिवीगाळही नाही. नियम होऊन इतकी वर्षे झाली तरी पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच आहे. जिथे अंगावर घेतलाय तिथे चांगले चालते.

त्या रात्री मी निकाल दिला नाही. "सकाळी बघू" म्हणालो आणि झोपायला गेलो. झोप मात्र आली नाही. का आली नाही ते आज इथे लिहितो. आमच्या घरातही आजवर कोणाला सांगितलेले नव्हते.

१९७८ सालची गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो, वसतिगृहात राहत होतो. कॉलेजचे नाव सांगत नाही; तेव्हा सगळीकडे तसेच होते. त्या साली आमच्या नदीपलीकडच्या गावचा एक मुलगा पहिल्या वर्षाला आला. मॅट्रिकला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. त्याचा बाप त्याला पोहोचवायला आला तेव्हा मला फाटकातच भेटला. पत्र्याची ट्रंक, वळकटी, भाकऱ्यांचे गाठोडे, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. म्हातारा म्हणाला, "तू हाईस न्हवं हितं, मग मला घोर न्हाई." मी "हो" म्हणालो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या पोरांना त्याचा पत्ता लागला. त्याची बोली आमच्यासारखीच गावची, अंगात पायजमा आणि नेहरू शर्ट. मारहाण वगैरे काही नाही. रोज रात्री जेवणानंतर त्याला व्हरांड्यात बाकावर उभा करायचे आणि इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. तो चुकला की सगळा मजला हसायचा. मग पुन्हा तेच वाक्य. तासभर, कधी दीड तास. मी तेव्हा माझ्या खोलीत असायचो. दार लोटलेले असायचे, पूर्ण लावलेले नसायचे. पुस्तक समोर धरून बसायचो आणि एक अक्षर वाचत नसायचो. पहिल्या वर्षी मला त्यांनी आठ दिवसांत सोडले होते. आता मध्ये पडलो तर पुन्हा माझ्या मागे लागतील, ही भीती. दुसरे कारणही सांगूनच टाकतो. गावची बोली झाकून मी वर्षभरात शहरी बोलायला शिकलो होतो आणि हा मुलगा आमच्या बाजूचा आहे हे कोणाला कळू नये असे मला वाटत होते. एकदा पाणी प्यायला बाहेर आलो तर तो बाकावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी तांब्या भरला आणि आत गेलो.

अकराव्या दिवशी सकाळी त्याची खाट मोकळी होती. पहाटेच्या गाडीने गेला. गावात विचारले तर म्हातारा म्हणाला, "पोराला करमलं न्हाई." सगळ्यांनी तेच म्हटले. कॉलेजनेही कुठे काही विचारले नाही.

करमले नाही. आपल्या भाषेत हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. नव्या सुनेला करमत नाही, नव्या गावी आणलेल्या बैलाला करमत नाही आणि कॉलेजातून पळून आलेल्या पोराला करमत नाही. हा शब्द उच्चारला की पुढे कोणी काही विचारायचे नसते. आत काय असते ते आतच राहते. मी मात्र सोमवारी सकाळी बांधावर बसून पोरीला विचारले, "तुला पहिल्या वर्षी करमत नव्हतं म्हणत होतीस. म्हणजे नेमकं काय होत होतं ग?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "तात्या, पहिले चार दिवस मी जेवलेच नाही."

मला काही समजेना. मेसचे पैसे भरलेले, मेस समोर. ती सांगू लागली. मेस कुठे आहे ते ठाऊक होते, पण ताट कुठून घ्यायचे, कार्ड लागते का, कुठे बसायचे, हे काहीच माहीत नव्हते. सगळ्या घोळक्याने बसलेल्या. विचारले तर हसतील असे वाटले. म्हणून घरून नेलेल्या चिवड्यावर आणि लाडवांवर दिवस काढले आणि रात्री फोनवर आईला सांगितले, "जेवले, आमटी बरी होती." पाचव्या दिवशी तिसऱ्या वर्षातली एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "तू मेसमध्ये दिसत नाहीस. चल, माझ्याबरोबर ताट घे." कोणी नेमलेली नव्हती ती. तिच्या लक्षात आले इतकेच.

भावजय विहिरीवरून येत होती, तिने हे ऐकले. कळशी खाली ठेवून ती तिथेच बसली. "चार दिस?" एवढेच म्हणाली.

पोरगी मग भडाभडा बोलायला लागली. वर्गात सगळे इंग्रजीत. अकरावी-बारावीची पुस्तके इंग्रजीतच होती, पण गावच्या मास्तरांनी समजावून दिली होती मराठीत. इथे मॅडम बोलत आणि ही नुसती पाटी उतरवल्यासारखी वही भरी. मातीच्या तपासणीचे जर्नल कसे लिहायचे ते ठाऊक नाही म्हणून पहिले दोन्ही सबमिशन चुकले. ज्या पोरीने बापाबरोबर शेतातली माती खणून तालुक्याला तपासायला नेली, तिचे मातीच्या विषयात मार्क गेले! त्याच वरच्या मुलीने तिला आपले जुने जर्नल दाखवले, एक शब्द मराठीत आणि एक इंग्रजीत असा आठवडाभर समजावून दिले आणि मग गाडी रुळावर आली. आज हीच पोर वर्गात पहिल्या पाचांत असते.

आता सांगा, यात पुढारपण कुठे आहे? असलेच तर ते दारात येऊन "चल" म्हणण्यात आहे.

पण हे काम वाटते तितके सोपेही नाही, आणि ज्या घरांतली मुले यंदा नावे देणार असतील त्यांच्यासाठी पोरीकडून ऐकलेले आणि माझ्या स्वतःच्या डोक्यातले थोडे इथे मांडतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात हे सापडायचे नाही.

नवा मुलगा येतो तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बाप असतो, कधी मामा असतो. त्या दिवशी सांभाळून घ्यायचे असते ते बापालाच. तो फाटकाशी घुटमळतो, कार्यालयात कोणत्या खिडकीशी उभे राहायचे ते त्याला कळत नाही, आणि पोरासमोर अडाणी दिसायला त्याला नको वाटते. तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलाने पुढे होऊन "काका, कागद इकडे द्या, आपण लावून घेऊ" म्हटले, पाण्याचा नळ दाखवला, परतीची गाडी किती वाजता ते सांगितले, तर त्या बापाचा अर्धा घोर तिथेच जातो. मलाही १९७८ साली फाटकात कोणीतरी असाच विश्वासाने बोलला होता. असो.

दुसरे कागदांचे. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी दाखला. जे ज्याला लागू असेल ते. मूळ कागद एकदा कॉलेजात जमा झाले की लवकर हाती येत नाहीत, म्हणून आधीच तीन-चार झेरॉक्स काढून ठेवायला नव्या मुलांना सांगावे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात आणि ते एकदा भरून भागत नाही, दर वर्षी नव्याने पुढे चालवावे लागतात. पैसे जमा होतात ते आधार जोडलेल्या खात्यात. पोराचे खाते गावच्या शाखेत असते, आधार जोडलेले नसते, आणि मग वर्ष सरते तरी पैसे का आले नाहीत ते कळत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्यापैकी कितीतरी घरे त्यात बसतात, पण तलाठ्या-तहसीलदाराचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून राहून जातात. मुलींच्या बाबतीत, ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. शासनाच्या प्रवेश फेरीतून गेलेल्यांना ती मिळते. राहणे-जेवणे त्यात धरलेले नाही, हे आधीच समजून घ्यावे, नाहीतर दिवाळीत मेसचे बिल आले की घरात बोंब होते. हे सगळे ज्या मुलाने आदल्या वर्षी स्वतः धक्के खाऊन केलेले असते, तोच नव्याला नीट सांगू शकतो. कार्यालयातले कारकून पाचशे जणांना सांगून सांगून थकलेले असतात.

तिसरे जरा अवघड आहे, पण लिहिले पाहिजे. नवा मुलगा आला की पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" दुसरा, "गाव कोणते?" यातून काय काढायचे असते ते आपल्याला चांगले कळते. मग आपापल्यांचे घोळके होतात, खोल्याही तशाच ठरतात, आणि एखादे पोर कोणत्याच घोळक्यात न बसता वर्षभर कोपऱ्यात राहते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, कारण त्या काळी पोरांना राहायलाच जागा नव्हती. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले ते सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून तिथल्या पोरांच्या पोटात घातले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. ज्याने सहा नव्यांची जबाबदारी घेतली त्याने त्या सहाजणांना पहिल्या आठवड्यात एकदा तरी एका टेबलावर जेवायला बसवावे. आडनावे नंतर कळतील, नाही कळली तरी बिघडत नाही.

आता रॅगिंगचे. पुष्कळ आईबापांना अजून वाटते की थोडी थट्टामस्करी चालायचीच, त्याने पोर धीट होते. माझ्या वेळचे मुलगे हेच म्हणत. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की सात दिवसांच्या आत चौकशी करणे हे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा वरच्या वर्गातल्यांच्या मारहाणीत जीव गेला आणि त्याच वर्षी आयोगाचे ते नियम आले. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावे हेही त्यात आहे, आणि दर वर्षी मुलाबरोबर पालकांनीही लेखी हमी द्यायची असते. ती हमी आपण न वाचता सही करून देतो. वाचावी. आयोगाचा रॅगिंगविरुद्धचा फोन क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे, पैसे पडत नाहीत. घराच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवायला काही हरकत नाही.

पण कायदा कुठवर पुरणार? बाकावर उभे करून पेपर वाचायला लावला, याला त्या काळी कोणी गुन्हा म्हटले नसते. आता म्हणता येईल, पण म्हणायला तोंड उघडावे लागते. नव्या पोराचे तोंड उघडत नाही. ते ज्याच्याजवळ उघडेल असा कोणीतरी त्या मजल्यावर हवा. मला वाटते, सहामागे एक नेमण्याचे खरे कारण हेच असावे.

आणि ज्याच्याजवळ तोंड उघडते त्याच्यावर ओझेही येते. पोरीने मला एक प्रसंग सांगितला. नाव-गाव सोडून सांगतो. गेल्या साली एका मुलीने तिच्या मैत्रिणीला रात्री सांगितले, मला जगावेसे वाटत नाही, आणि शपथ घातली की कोणाला सांगू नकोस. त्या मैत्रिणीने शपथ मोडली. रात्री अकरा वाजता रेक्टरबाईंना उठवले. त्या मुलीच्या आईबापांना बोलावले, डॉक्टरांना दाखवले, आज ती मुलगी बरी आहे आणि शिकते आहे. पण ती महिनाभर हिच्याशी बोलली नाही. मी पोरीला विचारले, तुझ्यावर अशी वेळ आली तर? ती म्हणाली, "मीही सांगेन. आधीच सांगून ठेवीन की बाकी सगळं पोटात ठेवीन, पण जिवाचं असेल तर नाही ठेवणार." वीस वर्षांच्या पोरीला हे कळते. सरकारने २०२२ सालापासून मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानस म्हणून १४४१६ हा फोन सुरू केला आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. हाही लिहून ठेवावा. पोरांसाठीच असे नाही. आपल्या कितीतरी घरांत कर्त्या माणसालाही तो लागू शकतो.

भावजयीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिलेच, अभ्यास कधी करायचा. प्रश्न रास्त आहे. वेळ जातो. पहिले दोन महिने तर फार जातो; कोणाला ताप येतो, कोणाचा फोन हरवतो, कोणी रडत बसते. ज्याचे स्वतःचे विषय मागे राहिले आहेत त्याने हे अंगावर घेऊ नये, पुढच्या वर्षी घ्यावे. त्यात कमीपणा नाही. शिवाय नव्या मुलांची जर्नले लिहून देणे, त्यांची हजेरी सांभाळणे, त्यांना पैसे उसने देणे, यातले काहीही करू नये, असे पोरीचे म्हणणे. ती म्हणते, "त्यांना सांभाळायचं म्हणजे कडेवर घ्यायचं नाही." आणि नव्यांकडून चहा आण, पाणी आण, असली कामे तर चुकूनही सांगू नयेत. मान मिळायला लागला की ही सवय कधी लागते ते कळत नाही. माझ्या वेळच्या वरच्या मजल्यावरच्यांचीही सुरुवात चहा आणायला सांगण्यापासूनच झालेली होती.

चौथ्या वर्षी याच मुली कृषीकन्या होऊन गावोगाव येतात, हे आपल्याला माहीत आहेच. बीजप्रक्रिया कशी करायची ते आपल्या अंगणात उभ्या राहून सांगतात आणि आपण चहा देऊन त्यांना हसतो. अनोळखी माणसाशी बोलायचे, त्याची अडचण त्याच्या भाषेत समजून घ्यायची, आपले शहाणपण न मिरवता सांगायचे, हे एकदम चौथ्या वर्षी कसे येणार? मी भावाला एवढेच म्हणालो की सहा अनोळखी पोरींना ज्या मुलीने आपलेसे केले ती सहाशे शेतकऱ्यांपुढे उभी राहायला भिणार नाही. भाऊ म्हणाला, "भाषण नको." पण आवाज खाली आला होता.

मग मी त्याला नदीपलीकडच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. बाकाची, तांब्याची, सगळी. तो त्या माणसाला ओळखतो. आठवडी बाजारात आमच्या शेजारीच त्याची भाजी लागते. भाऊ बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, "आन् तू त्याच्याशी इतकी वर्षं बोलतोस कसा?" खरे तर बोलत नव्हतो. राम राम घालत होतो.

पोरगी कॉलेजला गेली. नाव दिले ते राहिले.

परवाच्या बाजारात मी मुद्दाम त्याच्या दुकानाशी बसलो. वांगी चांगली होती. त्याला म्हणालो, त्या वेळी मी बाहेर यायला पाहिजे होतं. तो काही विसरलेला नव्हता. वजन करता करता म्हणाला, "पेपर वाचायचं मला काय न्हाई वाटायचं. तू तांब्या घेऊन आत गेलास त्याचं वाटलं." मग दुसरे गिऱ्हाईक आले. ते गेल्यावर तो आपणहून म्हणाला की त्याची नात यंदा इंजिनिअरिंगला गेली आहे, शहरात, वसतिगृहात. माझी पुतणी तिथे आहे का असे त्याने विचारले. मी म्हणालो, ती दुसऱ्या कॉलेजात आहे, पण तिच्या ओळखीचे कोणी तिथे आहे का ते विचारतो.

"नगं," तो म्हणाला. "तिला हाय कोण तरी. तिसऱ्या वर्साची पोर हाय म्हणं, रोज जेवायला घेऊन जाती. काल मी फोनवर इचारलं, काय जेवलीस, तर वांग्याची भाजी वाईट व्हती म्हणाली." मग बोटांवर काहीतरी मोजले आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आज बारावा दिस हाय," म्हणाला.

पैसे घ्यायला तयार नव्हता. मी ते तागडीखाली ठेवून आलो.